भागोजी पाष्टे आणि बॅटरीची म्हस

भागोजी पाष्टेला सुट्टी मिळत नसे. सरकारी नोकरीत सुट्टी न मिळणारा माणूस म्हणजे कोकणात पावसाळ्यात न गळणारं छप्पर; असतं कुठेतरी, पण शोधायला जावं लागतं. भागोजीला मात्र शोधावं लागत नसे. रत्नागिरी शहराबाहेर, मिरजोळ्याच्या अंगाला, टपालाच्या पार्सलांची एक लांबलचक पत्र्याची शेड होती. तिथे सकाळपासून दिवे लागेपर्यंत तो हमखास भेटे, एका पिवळ्या यंत्रावर उभाच्या उभा. यंत्राच्या पुढे दोन लोखंडी सुळे आणि मागे हा.

यंत्र बॅटरीवर चालायचं. मुंबईच्या मोठ्या टपालगोदामात वापरून जुनं झालं तेव्हा ते ट्रकात घालून रत्नागिरीला धाडलं. जुनं ते सोनं म्हणतात, आणि कोकणाच्या वाट्याला येणारं सरकारी सोनं बहुतेक जुनंच असतं. हमालांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘म्हस’ ठेवलं. पुढचे सुळे ही म्हशीची शिंगं, आणि संध्याकाळी बॅटरीला वीज जोडली की म्हशीला वैरण घातली. पार्सलांच्या गोण्या नि आंब्याच्या पेट्या लाकडी पाटावर रचायच्या, म्हशीने पाटाखाली शिंगं घालायची, पाट उचलायचा आणि दाराशी लागलेल्या टपालमोटारीपर्यंत न्यायचा. दहा माणसांचं काम म्हस एकटी करी, आणि म्हशीचं सगळं भागोजी एकटा करी. हेच त्याचं दुखणं होतं.

राजापूर तालुक्यात, वरच्या अंगाच्या एका वाडीतला हा कुणब्याचा मुलगा. विशीत मुंबईला गेला, टपालगोदामात हमाल झाला. अंगापिंडाने बेताचा पण नजरेने सावध म्हणून मुकादमाने त्याला यंत्रावर घेतला. तिथे तो यंत्र शिकला आणि यंत्राला भ्यायलाही शिकला. गुहागरचा बाबल्या म्हणून त्याचा एक सोबती होता. एका दुपारी कुणीतरी यंत्र तसंच सोडून, किल्लीही न काढता, चहाला गेलं. दुसऱ्या कुणाला वाटलं, जरा बाजूला घेऊ, त्यात काय शिकायचंय! बाबल्या भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये सापडला. जगला बिचारा, पण गावी गेला तो कुबड्या घेऊन.

त्यानंतर भागोजीच्या सवयी ठरल्या त्या ठरल्या. यंत्र थांबलं की शिंगं जमिनीला टेकवायची, किल्ली काढायची आणि कमरेच्या करगोट्याला बांधायची. दाराशी भोंगा द्यायचा. ओझं डोळ्यांच्या वर गेलं तर म्हस उलटी चालवायची, मागे बघत, मग मानेला रग लागो की आणखी काही होवो. शिंगांवर कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. एकदा शेडमधल्या सत्यनारायणाला तोरण बांधायचं होतं. सगळे म्हणाले, “भागोजी, शिपायाला शिंगांवर घी नि वर उचल की. शिडी कुटं शोदत बसतंस?” भागोजी गेला आणि शेजारच्या गोदामातून शिडी मागून घेऊन आला. तोवर भटजी ताटकळले आणि प्रसादाचा शिरा गार झाला. लोक हसले. हसू दे, म्हणाला.

रत्नागिरीला बदली झाली तेव्हा त्याला वाटलं, चला, घराच्या हाकेवर आलो. यष्टीने राजापूर, पुढे एक चढण, की घर. झालं भलतंच. दुसऱ्याच पावसाळ्यात, भागोजी जेवायला बसला असताना, एका हमालाने कचेरीतली जादा किल्ली घेऊन म्हस चालवून बघितली. म्हस शेडचा पत्रा फाडून बाहेर पडली आणि जांभ्याच्या कठड्याला धडकून थांबली. माणूस वाचला. तेव्हा भागोजीनेच वरिष्ठांसमोर उभं राहून सांगितलं की शिकल्याबिगर कुणाचा हात म्हशीला लागता कामा नये. वरिष्ठांना ते पटलं. तसा हुकूम निघाला, त्याच्यावर शिक्का बसला, आणि हुकमाचा फास नेमका तो मागणाऱ्याच्याच गळ्यात पडला. कारण शिकलेला माणूस जिल्ह्यात एकच. तो रजेवर गेला की म्हस बंद आणि म्हस बंद की मोटारी खोळंबल्या. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हे.

आणि त्याच वर्षी घरी राही पडली.

राही त्याची बायको. एका सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या डाव्या अंगावर कलंडली ती पुन्हा सरळ झाली नाही. डावा हात गेला, डावा पाय गेला, बोलणं अर्धंमुर्धं राहिलं. मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी, जनी. बरोबरीच्या मुली कडेवर पोरं घेऊन माहेरपणाला येत, आणि जनी आईला कुशीवर वळवी, न्हाऊ घाली, पेज भरवी आणि उरल्या वेळात भाताची दोन शेतं बघी. स्थळं आली नाहीत असं नाही. पण जनी लग्न होऊन गेली की राहीचं कोण करणार? भागोजी घरी आला पाहिजे. भागोजी घरी यायचा तर राजापूरच्या टपालकचेरीत बदली पाहिजे. बदली हवी तर म्हशीला दुसरा माणूस पाहिजे. एका यंत्राच्या दाव्याला अख्खं घर बांधलेलं होतं, त्यात अंथरुणावरची राहीसुद्धा आली.

शनिवारी संध्याकाळच्या यष्टीने तो घरी जाई आणि सोमवारी पहिल्या गाडीने परते. आंब्याच्या दिवसांत तेही नाही. परतताना जनी पाणंदीपर्यंत पोचवायला येई आणि “मंग बदलीचं?” एवढंच विचारी. भागोजी “बगतांव” म्हणे. पुढे पुढे तिने विचारायचं सोडलं. तेव्हा तर भागोजीला ती चढण उतरणं जास्तच जड जाऊ लागलं.

शहाऐंशी सालच्या थंडीत शेडचे प्रमुख चिंतामणराव मुळ्ये यांनी त्याला आपल्या टेबलापाशी बोलावलं. मुळ्ये सज्जन माणूस. भागोजीच्या अर्जांवर शिफारशी लिहून त्यांचीच बोटं दुखायला आली होती.

“भागोजी, एक वाट निघाली आहे,” ते म्हणाले. “रोजंदारीवरच्यांपैकी एखादा चलाख माणूस तू तयार कर. फाल्गुनात कोल्हापूरहून साहेब परीक्षा घ्यायला येतील. त्यांनी पास केला की तो कायम, आणि तू राजापूरला. तुझी ऑर्डर मी टाइप करूनच ठेवतो. फक्त एक आहे. साहेब बघणार तासभर, तू बघणार महिना-दोन महिने. तेव्हा ते तुझा शब्द विचारतील.”

“उपकार झालं साहेब,” भागोजी म्हणाला. 

माणूस डोळ्यासमोर होताच. त्याच्या गावच्याच खालच्या वाडीतल्या शिवा रहाट्याचा मधला मुलगा, बाळा. पंचविशी ओलांडलेला, निर्व्यसनी, विचारलं तेवढंच बोलणारा. एका बागायतदाराचा टेम्पो चार वर्षं चालवलेला पक्का ड्रायव्हर. टेम्पो विकला गेला म्हणून शेडमध्ये रोजंदारीवर आला होता. भागोजीने शिवाच्या कानावर गोष्ट घातली. शिवा कसला वस्ताद! पुढच्याच रविवारी तो भागोजीच्या ओटीवर येऊन बसला, जनीच्या हातचा चहा बशीत ओतून प्याला आणि म्हणाला, “भागोजी, माज्या पोराला तू कायम करतंस, तर तुजी पोर माज्या घरात दी. तू पन मोकळा, मी पन मोकळा.”

भागोजीने आत जाऊन जनीला विचारलं. ती राहीचे केस विंचरत होती.

“आवशीचं कोन बगनार?”

“मी येतंय ना घरी.”

“मंग माजी ना नाय,” ती म्हणाली आणि आईचा अंबाडा बांधायला वळली. पण त्या संध्याकाळी चूल फुंकताना ती आपल्याशीच हसत होती, ते भागोजीने पाहिलं. किती तरी दिवसांनी पाहिलं.

माघात सुपारी फुटली. दोन्हीकडची चार जाणती माणसं जमली, नारळ दिला, विडे झाले. बाळा कायम झाला की वैशाखात बार उडवायचं ठरलं. आता बाहेरच्या माणसाला वाटेल, सुपारी म्हणजे बोलणीच ती. तसं नाही. गावात सुपारी फुटली म्हणजे अर्धं लग्न लागलं. फुटलेली सुपारी सांधायची रीत अजून तरी निघालेली नाही.

बाळाचा हात पहिल्यापासून चांगला. पाटाखाली शिंगं घालताना लाकडाला ओरखडा येत नसे. भोंगा, किल्ली, उलटं चालवणं, सगळं एकदा सांगितलं की झालं. भागोजीला वाटलं, ग्रामदेवतेनेच हा धाडला. पंधरा दिवस तसंच वाटत राहिलं.

घोटाळा होता पायात. टेम्पो पाय दाबला की थांबतो. म्हशीचं उलटं होतं. उभं राहायच्या जागेवर पायाखाली एक लोखंडी पट्टी होती. ती दाबून धरली तरच म्हस चालायची आणि पाय उचलला की जागच्या जागी थिजायची. बनवणाऱ्याचा विचार चांगला होता. चालवणाऱ्याला घेरी आली, तो पडला किंवा त्याने उडी टाकली, तर पाय आपोआप सुटेल आणि यंत्र थांबेल. पण बनवणाऱ्याने कधी आंब्याने भरलेला टेम्पो घाटातून नेला नव्हता. चार वर्षं पोफळीवरून कुंभार्ली घाट चढता-उतरता बाळाच्या पायाने एकच धडा गिरवला होता, जिवाला भ्यालास की दाब. बाळा शांत असला की त्याला सगळं ठाऊक असे. दचकला की पाय त्याचा राहत नसे.

हे कळलं ते असं. एका रविवारी शेड मोकळी होती म्हणून भागोजी घरी न जाता बाळाला शिकवत होता. मागच्या जांभ्याच्या भिंतीपाशी तो गोण्या सरळ करत होता आणि बाळा भरलेला पाट हळूहळू त्याच्याकडे आणत होता. तेवढ्यात फणसावरून वानरांची टोळी पत्र्यावर उतरली. धडाधड आवाज झाला. बाळा दचकला, पाय गच्च दाबला गेला, हातही वेगाच्या दांड्यावर आवळला गेला, आणि म्हस थांबायची ती पुढे आली. पाट भागोजीच्या कमरेला लागला आणि त्याला नेऊन भिंतीला टेकवला.

म्हस तिथेही थांबेना. ती गुरगुरत रेटतच होती. पाटावरच्या पुढच्या गोण्या कागदाच्या होत्या म्हणून हाडं राहिली. पेट्या असत्या तर कठीण होतं. भागोजीच्या पाठीत जांभा रुतत होता, श्वास अर्ध्यावर अडकला होता, हात गोण्यांवर ढकलून ढकलून उपयोग नव्हता. समोर बाळाचा चेहरा पांढराफटक पडलेला. तो म्हस थांबवायला जिवाच्या आकांताने पाय दाबत होता.

भागोजीने ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडलो तर हा आणखी भिणार आणि भ्याला की आणखी दाबणार, एवढं त्याला त्या अवस्थेतही कळलं. मग बुजलेल्या गुराला चुचकारावं तशा आवाजात तो म्हणाला, “बाळा, माज्याकडं बग. हां, असा. आता पाय वर घी. पायरी चढतंस ना, तसा वर घी.”

बाळाच्या कानात ते शिरेना. भागोजीने उरलेल्या श्वासावर तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच हळू. बाळाचा पाय पट्टीवरून उठला आणि म्हस थिजली.

नंतर दोघेही जमिनीवर बसून राहिले. बाळा रडत होता. “मामा, मी थांबवीत व्हतों,” तो पुन्हा पुन्हा म्हणाला.

“ठावं हाय मला,” भागोजी म्हणाला. त्याला खरंच ठाऊक होतं, आणि हीच तर पंचाईत होती. पोरगा उनाड असता, बेफिकीर असता, तर दोन शिव्या घालून सुधारता आला असता.

कमरेला काळंनिळं झालं ते भागोजीने कुणाला दाखवलं नाही. घरातली गोष्ट, होणारा जावई. वाटलं, सरावाने जाईल. बाळाला तो अनवाणी उभा करी, मधूनच हाक मारी. हाक येणार हे ठाऊक असलं की बाळाचा पाय बरोबर उचलला जाई. पण एकदा ध्यानीमनी नसताना भागोजीने पाठीमागे रिकामा डबा आपटला आणि पाय दाबला गेला. चार दिवसांनी पुन्हा आपटला, पुन्हा तेच. माघ सरला, शिमगा आला नि गेला, पालख्या नाचून देवळात परतल्या, तरी पाय काही ऐकेना. बाळा दिवसेंदिवस अधिकच गप्प होत गेला. यंत्रावर उभा राहताना त्याचे खांदे कानांपर्यंत वर जात.

भागोजी स्वतःची समजूत घालून बघे. रोज रोज काय वानरं पत्र्यावर उड्या मारतात? वर्ष वर्ष काही होत नाही. मग त्याला आंब्याच्या दिवसांतली शेड आठवे. पेट्यांच्या थप्प्या, हमालांची गर्दी, बाहेरून भोंगे वाजवणाऱ्या मोटारी, आणि त्या सगळ्यातून चहाची किटली घेऊन जाणारी यमुनाबाई. सत्तरीची म्हातारी, कानाने जड, म्हशीच्या वाटेतून अशी जाई जणू स्वतःच्या अंगणात चालली आहे. भागोजीने तिला हजारदा हटकलं होतं. ती हसे आणि त्यालाच चहा ओतून देई.

एकीकडे यमुनाबाई, एकीकडे जनी.  गप्प राहिलं तर कुणी विचारणार नव्हतं, आणि बोललं तर सगळं मोडणार होतं. मुळ्येसाहेब इतके चांगले नसते, शिवाने मुलगी मागितली नसती, बाळा जरा नालायक निघाला असता, तर बरं झालं असतं, असंही त्याला वाटे. सगळीकडून चांगल्याच माणसांनी त्याला कोंडलं होतं.

परीक्षेच्या दिवशी शिवा धुवट धोतर नेसून हजर झाला. म्हशीपुढे त्याने नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. कोल्हापूरचे साहेब चष्मा लावलेले, शांत स्वभावाचे. त्यांनी घाई केली नाही. बाळाला चढायला, उतरायला लावलं, भरला पाट उचलायला लावला, अरुंद वाटेतून उलटं न्यायला लावलं. काय काय कशासाठी करायचं ते विचारलं. बाळाने सगळं केलं, सगळं सांगितलं. कुठेही चुकला नाही. दारात शिवाची छाती फुगली. मुळ्ये टेबलावरची भागोजीची ऑर्डर उगाच सरळ करत होते.

“उत्तम,” साहेब म्हणाले. “पाष्टे, इतके दिवस तुम्ही पाहिलंत. तुमचं काय म्हणणं?”

भागोजीने बाळाकडे पाहिलं. बाळा मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत होता. भागोजीला जनी दिसली, राही दिसली, आणि ‘बरा हाय साहेब’ हे तीन शब्द जिभेवर आलेही. तेवढ्यात यमुनाबाई किटली घेऊन आत आली आणि म्हशीच्या अगदी पुढ्यातून, साहेबांना आधी चहा द्यावा म्हणून, लगबगीने निघाली.

“साहेब,” भागोजी म्हणाला, “हात सोन्यासारका हाय. पन भ्याला की पाय दाबतो.”

“म्हणजे?”

मग त्याने सगळं सांगितलं. टेम्पोचं सांगितलं, वानरांचं सांगितलं, भिंतीचंही सांगितलं.  मुळ्ये उठूनच उभे राहिले. “अरे, मग आधी का नाही बोललास?”

“बोलवत नव्हतं साहेब.”

साहेबांनी बाळाला विचारलं, “खरं आहे हे?”

“खरं हाय,” बाळा म्हणाला. आणि इतके दिवस कानांपर्यंत चढलेले त्याचे खांदे खाली आले. ते भागोजीने पाहिलं. दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं.

“दुसरा माणूस तयार करा,” साहेब मुळ्यांना म्हणाले. “पुढल्या वर्षी बघू.” मुळ्यांनी ऑर्डर घडी घालून खणात ठेवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर भागोजीला थोडं हलकं वाटलं असतं.

शिवाने म्हशीपुढचा नारळ उचलला आणि भागोजीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. “जावयाला भर सभेत उगडा केलास. तुजी पोर तुज्या घरात सुकी ऱ्हाऊ दे.” आणि बाळाचा दंड धरून तो चालता झाला.

शनिवारी भागोजी घरी पोचला तेव्हा बातमी त्याच्या आधीच पोचलेली होती. जनी आईला पेज भरवत होती. तो समोर बसला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. राही त्याच्याकडे टक लावून ऐकत होती.  जनीने आईचं तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली.

“म्हंजे मी हितंच,” ती म्हणाली.

तक्रार नव्हती त्यात. पाऊस लांबला म्हणावं तसं म्हणाली. भागोजीला म्हशीचा राग आला, मुळ्यांच्या चांगुलपणाचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. लोकांची हाडं वाचवायला निघालेल्या माणसाने आपल्याच पोरीला नेऊन भिंतीशी दाबलं होतं. डोळ्यांतलं पाणी लपवायला तो उठून पडवीत गेला, पण पडवी ती केवढी!

थोड्या वेळाने जनी वाटी विसळून मागून आली.

“बाबा, बाळा मानूस कसा हाय?”

“मानूस चांगला हाय. लबाड असता तर साहेबासमोर ‘खरं हाय’ म्हनाला नसता.”

“मंग त्याला हितं येऊन ऱ्हायाला काय झालं?”

“हितं?”

“हितं. दोन शेतां हायत, चार कलमां हायत. आवशीला उचलाया गडी मानूस व्हयाच हाय. मी जायाची म्हनून तुमी यायाचं, तुमी यायाचं म्हनून त्याने तुमचं मशीन शिकायाचं. मी जायाचीच नाय, तर कुनाचं काय अडलं?”

 इतकी माणसं, इतके अर्ज, शिफारशी, परीक्षा. आणि मुलगी सासरी जाणारच हे सगळ्यांनी असं धरून ठेवलं होतं की ती गाठ सोडून बघावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. भागोजीच्याही नाही. पण दुसऱ्याच क्षणी त्याचं मन आक्रसलं. घरजावई! गाव घरजावयाला हाक मारतो तीसुद्धा हसून. रहाट्यांचा मुलगा पाष्ट्यांच्या घरी बायकोच्या मागे राहणार, आणि ते मागायला भागोजीने जायचं, तेही ज्याला भर सभेत नापास केला त्याच्याच दारात?

“येडी काय तू?” तो म्हणाला. “लोक काय म्हनतील?”

जनीने त्याच्याकडे सरळ पाहिलं. “कोल्लापूरच्या साहेबासमोर ‘नाय’ म्हनायाला भ्यालात नाय. चार गाववाल्यांसमोर ‘व्हय’ म्हनायाला भिताव?”

 आतून राहीने उजव्या हाताने खाट थोपटली. अर्ध्या तोंडातून तिचा एकच शब्द बाहेर आला. “जा,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी तो खालच्या वाडीत गेला. शिवाने त्याला ओटीवर ये म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. भागोजी घरापुढच्या खळ्यात उभा राहिला आणि सांगायचं होतं ते उभ्या उभ्याच सांगून टाकलं. शेजारच्या दोन घरांची माणसं कान देऊन ऐकत होती. ऐकू देत म्हणून त्याने आवाज खाली केला नाही.

शिवा हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. “माजा पोरगा तुज्या मशीनला चालला नाय, आनि तुज्या घराला चालतो?”

“व्हय,” भागोजी म्हणाला. “चालतो.”

 आतून बाळा बाहेर आला. बापाकडे न बघता तो ओटीच्या खालच्या पायरीवर बसला आणि थोडं बाजूला सरकून त्याने भागोजीला जागा केली. शिवाने दोघांना ‘या’ही म्हटलं नाही आणि ‘जा’ही म्हटलं नाही. सोमवारच्या पहिल्या गाडीने भागोजीला म्हशीकडे जायचंच होतं, त्यापुढेही कित्येक सोमवारी जायचं होतं. पण रविवार अजून बराच बाकी होता, आणि तो बसला.